घरच्या लॅपटॉपवरून पाऊस

पावसाळ्यात मुंबईहून येणाऱ्या फोनवर तब्येतीच्या खालोखाल एकच प्रश्न असतो, "पाऊस किती आहे?" आमचं घर चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत. इथे कोसळत असतो तेव्हा चिपळूणच्या बाजारपेठेत चक्क ऊन असू शकतं, आणि उलटही. पेपरात आकडा येतो तो दुसऱ्या दिवशी, आणि तालुक्याच्या सरासरीचा. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, लाइट गेली, मोबाइल गेले. तेव्हापासून डोंबिवली-विरारला बसलेल्या आमच्या चाकरमान्यांचं "मरणाचा पडतोय" एवढ्या उत्तरावर समाधान होत नाही. त्यांना आकडा लागतो.

आकडा मिळवणं सोपं निघालं. स्लॅबवर, पाण्याच्या टाकीचा आडोसा लागणार नाही अशा बेतानं, एक प्लास्टिकचा पर्जन्यमापक बसवला. वर नरसाळं, आत मधोमध टेकलेली एक पट्टी आणि तिच्या दोन टोकांना दोन चिमुकल्या कुंड्या. एक भरली की वजनानं झुकते, पाणी सांडतं आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. दर वेळी पट्टीवरचं लोहचुंबक एका रीड स्विचसमोरून सरकतं आणि स्विच क्षणभर जुळतो. माझ्या मापकात अशी एक टिचकी म्हणजे ०.२७९४ मिलिमीटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर साधारण ३५८ टिचक्या. अगदी मुसळधार पावसात कुंडी झुकत असताना थोडं पाणी मोजलं न जाताच निसटतं, त्यामुळे हा मापक जोराच्या सरीला किंचित कमी दाखवतो. आमच्याकडे जोराच्या सरी सोडून दुसरं काही पडतच नाही, पण ते असो. टिचक्या मोजायला ईएसपी३२चा एक छोटा बोर्ड आहे. तो वायफायवरून आकडा घरातल्या जुन्या लॅपटॉपला देतो.

आता हा आकडा लोकांना दिसायला हवा. माझ्या नावाचं एक डोमेन आहे, त्यावरची चार साधी पानं एका होस्टिंग कंपनीकडे वर्षाचे पैसे भरून निमूट चालतात. पावसाचे आकडे तिकडे पाठवून तिथेच दाखवता आले असते, आणि व्यवहारी माणूस तेच करील. पण मापक घरात, लॅपटॉप घरात, फायबरची लाइन घरात आलेली. मग पान तेवढं परक्याच्या मशीनवर कशाला, असा माझा हट्ट. म्हणून डोमेनच्या आधी 'पाऊस' जोडून एक सबडोमेन करायचं आणि ते थेट घराकडे वळवायचं असं ठरवलं.

सबडोमेन करण्यात काहीच नसतं. डोमेन जिथे विकत घेतलं तिथल्या पॅनलमध्ये डीएनएसची यादी असते, म्हणजे कोणतं नाव कोणत्या मशीनकडे न्यायचं याची नोंद. मूळ नावापुढे होस्टिंग कंपनीचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा मशीनचा आकडी पत्ता, लिहिलेला असतो. तो तसाच ठेवायचा आणि नवीन नावापुढे वेगळा पत्ता लिहायचा. आयपीव्ही४चा (जुन्या पद्धतीचा) पत्ता असेल तर ए रेकॉर्ड, आयपीव्ही६चा (नव्या, लांब पद्धतीचा) असेल तर क्वाड-ए. १९८३ सालापासूनची ही व्यवस्था आहे आणि एका डोमेनखालची नावं वेगवेगळ्या देशांतल्या मशीनकडे वळवली तरी तिला काही वाटत नाही. नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तेही त्याच ओळीत सांगता येतं. घरचा पत्ता बदलता असतो म्हणून मी ३०० सेकंद टाकले.

लॅपटॉपची निवड मी विजेच्या हिशोबानं केली. घरात एक जुना डेस्कटॉपही होता, पण तो नुसता बसल्या बसल्या ६० वॉटच्या आसपास खातो. चोवीस तास चालवला तर महिन्याला ४३ युनिट. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांनंतर दराचा पुढचा टप्पा लागतो. आमचं बिल एरवी त्या उंबरठ्यावरच असतं. लॅपटॉपला स्क्रीन बंद असताना १२ वॉट पुरतात, म्हणजे महिन्याला नऊ युनिट. शिवाय त्याची बॅटरी म्हणजे आयताच यूपीएस. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, झाकण मिटलं तरी झोपू नये अशी एक ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये बदलली, आणि बॅटरी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं असं सांगून ठेवलं. सतत शंभर टक्क्यांवर ठेवलेली लॅपटॉपची बॅटरी फुगू शकते. आमच्याकडच्या उकाड्यात तर लवकरच.

जागेचा प्रश्न त्याहून नाजूक. कोकणात चालू यंत्राच्या उबेला मुंग्या येतात, मुंग्यांमागे पाल येते. स्विचबोर्डात पाल चिकटून फ्यूज उडणं हा आमच्याकडे पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार. लॅपटॉप पडवीच्या कोनाड्यात, जमिनीपासून वर, हवा खेळेल अशा लोखंडी जाळीच्या फळीवर ठेवला. फळीच्या पायांना खडूनं लक्ष्मणरेषा ओढायचं काम आईनं स्वतःहून अंगावर घेतलं.

वेबसर्व्हर, म्हणजे मागेल त्याला पान पुरवणारा प्रोग्रॅम, म्हणून कॅडी घेतला, कारण त्याच्या सेटिंगची फाइल चार ओळींत आटोपते. पान घरच्या वायफायवर उघडलं. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं: बाहेरून ८० आणि ४४३ या दारांवर येईल ते लॅपटॉपकडे पाठव. 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या एका साइटवर जाऊन पत्ता पाहिला, तो डीएनएसमध्ये लिहिला, फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पान उघडलं.

काही नाही. गोल फिरत राहिलं आणि मग वेळ संपल्याचा निरोप.

याचं कारण राउटरच्याच स्टेटस पानावर लिहिलेलं असतं. तिथे बाहेरच्या बाजूचा पत्ता दाखवलेला असतो, माझा १००.७० असा काहीतरी सुरू होत होता. बाहेरच्या साइटला मात्र माझा पत्ता वेगळाच दिसत होता. हे दोन जुळले नाहीत की समजावं, आपण सीजीनॅटच्या आत आहोत. आयपीव्ही४मध्ये एकूण पत्तेच ४२९ कोटी. त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ला वाटून संपले. त्यानंतर घराघरांत फायबर पोचवणाऱ्या कंपन्यांनी एकेका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसवली, आणि त्यासाठी २०१२मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा एक पट्टा खास राखून ठेवला गेला. हे मुंबईतल्या मोठ्या सोसायटीसारखं आहे. पत्ता एकच, गेटवर वॉचमन, आतून कुणीही बाहेर जावं. बाहेरून आलेल्यानं मात्र "माझं अमक्याकडे काम आहे" म्हटलं तर वॉचमनकडे फ्लॅटची यादीच नाही. मी राउटरवर केलेलं फॉरवर्डिंग म्हणजे स्वतःच्या फ्लॅटचं दार उघडं ठेवून बसणं. गेट कंपनीचं, तिथे माझं काही चालत नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. हा संवाद मला जवळजवळ पाठ आहे.

"सर, तुमचं इंटरनेट चालतंय ना?"

"चालतंय."

"स्पीड बरोबर येतोय ना?"

"येतोय."

"मग प्रॉब्लेम काय आहे, सर?"

मी म्हटलं, मला बाहेरून घरात यायचंय. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग सांगण्यात आलं की स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, फक्त बिझनेस प्लॅनवर मिळतो, आणि तो प्लॅन आमच्या भागात घ्यायचा तर महिन्याचं बिल दुपटीच्या वर जातं. लाइन जोडायला आलेला मुलगा जास्त समजूतदार होता. तो म्हणाला, "काका, मागच्या महिन्यात वरच्या वाडीत पण एकानं विचारलेलं. त्याला कॅमेरा बघायचा होता. कॅमेऱ्याचं ॲपवर होतं, तुमचं कसलं आहे?" पावसाचं आहे म्हटल्यावर त्यानं स्लॅबवर जाऊन मापक बघितला, कुंडीला बोट लावून दोनदा टिचकवली (त्या दिवसाच्या नोंदीत अर्धा मिलिमीटर पाऊस कोरड्या दुपारी पडलेला दिसतो) आणि जाताना म्हणाला, "आपल्याकडे आयपीव्ही६ पण येतं, ते बघा."

ते खरंच येत होतं. भारतात मोबाइलवर आयपीव्ही६ सर्रास झालंय आणि घरच्या फायबरवरही बऱ्याच ठिकाणी ते न मागता मिळतं. इथे पत्त्यांचा तुटवडाच नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा, जगाला दिसणारा पत्ता. लॅपटॉपला विचारलं तर त्यानं तीन पत्ते दाखवले. एक एफई८०नं सुरू होणारा, तो घरापुरता. दुसरा तात्पुरता, ठरावीक काळानं आपोआप बदलणारा, म्हणजे बाहेरच्या साइटींना माग काढता येऊ नये. तिसऱ्याच्या पोटात मधोमध एफएफएफई अशी अक्षरं होती; ती दिसली की ओळखायचं, हा पत्ता नेटवर्क कार्डाच्या कारखान्यातल्या क्रमांकावरून बनलाय आणि त्याचा मागचा अर्धा भाग बदलणार नाही. मला हवा होता तो हाच. पुढचा अर्धा भाग मात्र कंपनी देते, आणि राउटर बंद-चालू झाला की नवा देते. मग पाच-पाच मिनिटांनी आपला पत्ता तपासून बदलला असेल तर डीएनएसच्या क्वाड-ए ओळीत लिहून टाकणारी एक छोटी स्क्रिप्ट बसवली. डीएनएस सांभाळणारे यासाठी एक गुप्त टोकन देतात. त्या टोकनाला फक्त या एकाच डोमेनच्या नोंदी बदलायची मुभा ठेवायची, खात्याचा सगळा कारभार नाही.

आता राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारा पहारा. इथे मला पहिल्यांदा खरोखर राग आला. चांगल्या राउटरवर सांगता येतं की बाहेरून फक्त या यंत्राच्या ४४३ दारापर्यंत येऊ दे. कंपनीनं दिलेल्या डब्यावर एकच बटण: फायरवॉल चालू किंवा बंद. बंद केला आणि मोबाइल डेटावरून पान झटक्यात उघडलं. पडवीत उभा राहून मी आमच्याच अंगणातल्या पावसाचा आलेख जगाच्या बाजूनं बघितला, बरं वाटलं. पण त्याच बटणानं टीव्ही, प्रिंटर, भाचरांचे फोन, सगळेच उघड्यावर आले होते. त्यांचे पत्ते शोधून काढणं अवघड असतं हे खरं. पत्त्यांचा आवाकाच एवढा मोठा की आंधळेपणानं चाचपून हाती काही लागत नाही. तरी ज्या टीव्हीला विकत घेतल्यापासून एकही अपडेट आलेलं नाही त्याच्या भरवशावर मी झोपू शकत नव्हतो.

शिवाय दुसरी अडचण. माझा चुलत भाऊ, दादा, ठाण्याला ऑफिसात असतो. त्याच्या फोनवर पान उघडायचं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नाही. तिथलं नेटवर्क फक्त आयपीव्ही४ बोलणारं. आमच्या वाडीतली अर्धी मंडळी दिवसभर अशाच ऑफिसांत बसलेली.

तेव्हा शेवटी ज्याला टाळत होतो ते केलं. मुंबईच्या डेटा सेंटरमधलं सगळ्यात छोटं व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनचा एक तुकडा, भाड्यानं घेतलं, महिन्याला काही शे रुपयांचं. त्याला स्वतःचा कायमचा आयपीव्ही४ पत्ता आहे आणि आयपीव्ही६ही. घरचा लॅपटॉप वायरगार्ड नावाच्या प्रोग्रॅमनं त्याच्याशी बोगदा, म्हणजे एक कुलूपबंद खासगी वाट, जोडतो. यात खुबी अशी की बोगदा आतून बाहेर खणला जातो. कंपनीच्या सीजीनॅटला वाटतं, घरातलं कुणीतरी बाहेर काही बघतंय. दर २५ सेकंदांनी लॅपटॉप एक रिकामं पाकीट पाठवतो, म्हणजे वाट बुजत नाही. वायरगार्ड २०२० साली लिनक्सच्या गाभ्यातच आलं, त्यामुळे दोन्हीकडे फारसं काही बसवायलाही लागत नाही. दोन चाव्या बनवायच्या, एकमेकांच्या फाइलीत लिहायच्या. राउटरवरचं फॉरवर्डिंग काढलं, फायरवॉल पुन्हा चालू केला, पत्ता बदलणारी ती स्क्रिप्ट थांबवली. सबडोमेनच्या दोन्ही नोंदी आता मुंबईकडे बोट दाखवतात.

हे घरून होस्ट करणं राहिलं का, असं मला एका मित्रानं विचारलं. माझ्या मते राहिलं. पान बनतं घरात, आकडे घरात, डिस्क घरात. मुंबईचं मशीन नुसतं पलीकडून घेऊन अलीकडे देतं. सुरुवातीला तर मी त्याला आत काय चाललंय हे वाचूही देत नव्हतो: ते ४४३वर कुलूपबंद (एन्क्रिप्ट होऊन) येईल ते जसंच्या तसं बोगद्यात ढकलायचं आणि कुलूप उघडायचं काम घरच्या लॅपटॉपवर व्हायचं. सर्टिफिकेटची (साइट आपलीच असल्याचा दाखला, त्याच्या जोरावर हे कुलूप चालतं) खासगी चावी पडवीच्या बाहेर गेलीच नाही. तयार टनेल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या फुकट सेवा आहेत आणि त्या चांगल्या चालतात. पाच मिनिटांत काम होतं. पण त्यांच्याकडे कुलूप त्यांच्या दारात उघडतं. पावसाच्या आकड्यात लपवण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. मला ते कसं चालतं ते स्वतः करून बघायचं होतं.

सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, फुकट, ९० दिवसांचं. हे नाव तुमचंच कशावरून, याची ते खात्री करतात. एक तर ८० दारावर ठरावीक फाइल ठेवायची, नाहीतर डीएनएसमध्ये ठरावीक मजकुराची नोंद टाकायची. डीएनएसचं टोकन हातात होतंच, म्हणून दुसरा मार्ग घेतला. त्यात घर बाहेरून पोचण्याजोगं असण्याचीही गरज नसते. आधी त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर करून बघावं, कारण खऱ्या सर्व्हरवर चुका मोजल्या जातात आणि तासाभरासाठी दार लावून घेतलं जातं. नूतनीकरण कॅडी आपणहून करतो. मात्र जून २०२५पासून लेट्स एन्क्रिप्टनं मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणं बंद केलंय, त्यामुळे मुदतीला वीस दिवस उरले तर मला संदेश येईल अशी सोय स्वतःच करून ठेवली.

सर्टिफिकेट मिळालं त्या संध्याकाळी सर्व्हरची नोंदवही (कुणी काय मागितलं याची) उघडून बसलो होतो. सबडोमेन मी अजून कुणालाही सांगितलेलं नव्हतं, दादालाही नाही. तरी काही मिनिटांत पाहुणे सुरू. कुणी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागतंय. कुणी पासवर्ड ठेवायची डॉट ईएनव्ही फाइल मागतंय, कुणी गिटचं फोल्डर, कुणी पीएचपीमायॲडमिन. ओळींवर ओळी, सगळ्यांना ४०४, म्हणजे 'असं पान नाही'. यांना पत्ता दिला कुणी? सर्टिफिकेटनंच. आता दिलं गेलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवह्यांत लिहिलं जातं, म्हणजे कुणी खोटं सर्टिफिकेट काढलं तर पकडता यावं. त्या वह्या चोरही वाचतात. नवीन नाव दिसलं की लगेच दारं हलवून बघतात.

याला घाबरून काही होत नाही, पण तयारी हवी. माझ्या लॅपटॉपवर वर्डप्रेस नाही, लॉगिन नाही, लिहायला काहीच नाही. फक्त वाचायचं पान. एसएसएच (दुरून लॅपटॉपवर हुकूम चालवायची सोय) बोगद्याच्या आतूनच, आणि चावीनं, पासवर्डनं नाही. वेबसर्व्हर ज्या वापरकर्त्याच्या नावानं चालतो त्याला घरातलं काहीही दिसत नाही. आणि लॅपटॉपला घरच्या बाकी यंत्रांशी बोलायला बंदी, एक त्या ईएसपी बोर्डाचा अपवाद. म्हणजे उद्या कुणी आत शिरलंच तर त्याला आमच्या पावसाशिवाय काही मिळणार नाही. घरून काही चालवायचं असेल तर माझ्या लेखी ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि सांगणारे लोक तीच शेवटी सांगतात.

एक गमतीचा भाग: लॅपटॉप पडवीत, आई स्वयंपाकघरात, आणि आईच्या फोनवर पान उघडताना ते घाट न चढता मुंबईला जाऊन परत येतं. "आपल्या अंगणातलं बघायला मुंबईहून यावं लागतं?" असं तिनं विचारलं. घरच्या डीएनएसला सांगून हा हेलपाटा वाचवता येतो. मी तो वाचवला नाही, कारण आईच्या फोनवर पान उघडलं म्हणजे सगळी साखळी धड आहे हे मला बसल्याजागी कळतं.

मग पाऊस आला, आणि घरून होस्ट करण्याचा खरा पेच समोर आला. ज्या तासाला जास्त पाऊस, त्याच तासाला लाइट जाणार. त्याच तासाला झाड पडून खांबावरची फायबर तुटणार. आणि त्याच तासाला मुंबईचे सगळे पान उघडून बसणार. कोयनेची वीज तयार होते ती पोफळी आमच्यापासून जवळ, पण त्याचा आम्हाला उपयोग एवढाच की अंधारात बसून त्यावर विनोद करता येतात.

लाइटची सोय होण्यासारखी होती. लॅपटॉप बॅटरीवर काही तास काढतो. ओएनटी (फायबर येऊन जोडली जाते तो डबा) आणि राउटर १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी पुस्तकाएवढा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला. तो आणखी एका कारणानं कामाला आला. सुरुवातीच्या वळिवात विजा चमकायला लागल्या की आई घरातले एकूण एक प्लग उपटते, आणि त्यात तिचं चुकत नाही. फायबर काचेची असल्यानं तिच्यातून वीज येत नाही, पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून मोडेम जळायचे तसं होत नाही. ॲडॉप्टर मात्र जळतात. आता प्लग काढले तरी दोन्ही डबे चालू राहतात.

तुटलेल्या फायबरला उपाय म्हणून एक जुना फोन यूएसबीनं लॅपटॉपला जोडून ठेवला. लाइन गेली की लॅपटॉप फोनच्या डेटावर जातो. इथे वायरगार्डचं मला फार कौतुक वाटतं. त्याला तुमचा पत्ता कोणता याच्याशी देणंघेणं नसतं, चावी ओळखीची असली की झालं. फायबरवरून मोबाइलवर उडी मारली तरी मुंबईकडे पुढचं पाकीट पोचताच बोगदा तसाच पुढे सुरू. बघणाऱ्याला एखादं मिनिट अडखळल्यासारखं वाटतं, बस.

पण टॉवरच बंद पडला तर? तो पडतोच. जुलैत एका रात्री फायबर, लाइट आणि टॉवर तिन्ही गेले. सकाळी रेंज आल्या आल्या पहिला फोन दादाचा. "अरे, पान बंद होतं रात्रभर. आम्ही इथे जागे." गावात काही झालं नव्हतं, आम्ही मस्त झोपलो होतो. पण २०२१ बघितलेल्या माणसाला अंधारलेलं पान म्हणजे बातमीच वाटते. पान नसतं तर निदान त्यानं दहा जणांना फोन करून बघितलं असतं. आकडे पुरवून मी लोकांची काळजी कमी करायला निघालो होतो, आणि त्या रात्री ती वाढवली.

त्यामुळे खासगी चावी पडवीतच ठेवायचा तोरा सोडला. मुंबईच्या मशीनलाही सर्टिफिकेट दिलं, तिथे एन्जिनएक्स हा दुसरा वेबसर्व्हर बसवला आणि घराकडून आलेलं शेवटचं पान जपून ठेवायला सांगितलं. घर गप्प झालं की तो शिळं पान दाखवतो. बोगदा तुटलेला असताना तो नुसता थांबून राहतो आणि त्याची मूळची सहनशक्ती ६० सेकंदांची आहे. तेवढा वेळ कोण बघत बसणार, म्हणून ती तीन सेकंदांवर आणली. पान शिळं आहे हे बघणाऱ्याला कळायला हवं, आणि शिळ्या पानाला आपण शिळे आहोत हे कसं कळणार? तर वय बघणाऱ्याच्या फोनवर मोजलं जातं. पानात शेवटच्या नोंदीची वेळ असते, ब्राउझर आपल्या घड्याळाशी वजाबाकी करून वर लिहितो, 'ही नोंद ४० मिनिटांपूर्वीची. लाइन किंवा लाइट गेली असेल.' वाक्य दादाकडून तपासून घेतलं. आधी मी 'संपर्क तुटला आहे' लिहिलं होतं, ते त्यानं वाचताक्षणी काढायला लावलं.

मधल्या काळातला पाऊस हरवत नाही. ईएसपी बोर्ड टिचक्या स्वतःच्या फ्लॅशमध्ये लिहून ठेवतो आणि लॅपटॉप भेटला की पुरवतो. दिवसाचा हिशोब हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठ ते साडेआठ. लॅपटॉपचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, तिथे साडेआठ म्हणजे बरोबर तीन, त्यामुळे हे गणित अपूर्णांकाशिवाय सुटलं. आकड्याचा रंगही खात्याच्याच व्याख्यांनी बदलतो: ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६पासून अति जोरदार, २०४.५ किंवा त्याच्या पुढे अत्यंत जोरदार. शेवटचा रंग दिसला की फोन येतातच, पान असो वा नसो.

खर्च म्हणाल तर डोमेन आधीचंच, वीज महिन्याला नऊ युनिट आणि वर थोडी राउटरची, आणि मुंबईचं भाडं. ज्याला केवळ पान हवंय त्यानं या वाटेला जाऊ नये. होस्टिंगवाल्याकडे पैसे टाकावेत. ज्याच्या घरी काही मोजणारं, ऐकणारं, साठवणारं यंत्र आहे आणि ते घरातच राहायला हवंय, त्यानं जरूर जावं. मात्र आपल्या ब्रॉडबँडच्या अटी आधी वाचाव्यात, घरगुती लाइनवर सर्व्हर चालवायला काही कंपन्या मनाई करतात. सुरुवात राउटरच्या स्टेटस पानापासून करावी. तिथला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादी न लागता सरळ बोगद्याकडे वळावं.

सध्या काम चालू आहे ते वरच्या वाडीचं. तिथल्या काकांना त्यांच्या काजूच्या बागेतला पाऊस वेगळा मोजून हवाय. त्यांच्या मते खालच्या वाडीचा आकडा त्यांना लागूच पडत नाही. तिथवर आमचं वायफाय पोचत नाही, आणि त्यांच्याकडे लाइन नाही. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी ताकदीच्या लोरा (लांबवर थोडीशी माहिती पाठवणारा रेडिओ) मॉड्यूलला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून दोन मॉड्यूल मागवलेत. मध्ये एक फणसाचं जुनं झाड येतं. काका म्हणतात फांदी तोडू. मी म्हणतोय आधी अँटेना दोन हात वर चढवून बघू.